शालनकाकूंच्या बरण्या आणि दहा नंबरचा आवाज

एलिया लोंढेच्या गिटारच्या अ‍ॅम्पमधून निघणारा जास्तीचा आवाज लोणच्याच्या बरण्यांत भरून ठेवावा, असं शालनकाकूंनी सुचवलं, तेव्हा सोनचाफा सोसायटीच्या सभेत एकच हरकत आली. बरण्या कुणाच्या?

"माझ्या," शालनकाकू म्हणाल्या. "आणि तोंडाला बांधायचे फडक्याचे दादरेबी माझेच."

सेक्रेटरी शिरगुप्पे अण्णांनी चष्मा सारखा केला आणि इतिवृत्तात लिहून घेतलं की, सदर आवाज साठवण्यास सभेची हरकत नाही, मात्र बरण्या जिन्यात ठेवू नयेत. महिनाअखेरपर्यंत आवाज आटोक्यात आला नाही तर एलियाने खोली सोडायची, हा मागच्या सभेचा ठराव मात्र त्यांनी कायम ठेवला. अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी अण्णांमधून अजून निवृत्त व्हायची होती.

सोनचाफा सोसायटी सांगलीत, मार्केट यार्डाच्या पाठीमागे. तिथे हळदीच्या हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा पिवळी झाक येते. तळमजल्यावर शालनकाकू आणि त्यांचे यजमान रंगराव माळवदे राहायचे. त्यांना सगळे बापू म्हणत. बापूंच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत एलिया भाड्याने राहायचा. पोरगा मिरजेचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा आणि रविवारी न चुकता चर्चमध्ये जाणारा. त्याच्याविषयी कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार अ‍ॅम्पची होती.

अ‍ॅम्प जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालणारा, दोघांनी धरून उचलावा एवढा जड. त्याच्या कपाळावर एक ते दहा आकड्यांचं बटण होतं आणि सगळं भांडण त्या बटणाचं होतं.

"दोनवर ठेव की रं बाबा," अण्णा म्हणायचे. "दोन हा काय आकडा न्हाई व्हय?"

"दोनवर तो नुसता बोलतोय, अण्णा. गात न्हाई," एलिया सांगायचा. "व्हॉल्व्हला ताण बसल्याशिवाय टोन येत न्हाई. दहावर गेला की मग त्याचा गळा उघडतोय."

त्याने सगळे उपाय करून पाहिले होते. अ‍ॅम्पवर गोधडी घातली, तर आतला आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा येऊ लागला. तोंड भिंतीकडे करून ठेवलं, तर भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडाचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. कपाटात घालून पाहिलं, तर कपाट वाजू लागलं. शेवटी दोनवर ठेवून वाजवलं तेव्हा शेजारीपाजारी खूश झाले आणि एलिया दोन दिवस जेवला नाही.

शालनकाकूंना गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एलियाने पहिल्यांदा बटण दहावर नेलं त्या दुपारी त्या कारली चिरत होत्या, आणि विळीवरचा त्यांचा हात तसाच थांबला. तो आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता.

बापूंनी जन्मभर हळदीच्या सौद्यात भाव पुकारले. एका अडत दुकानाचे ते पुकारेवाले. ते ढिगावर उभे राहिले की अख्खं यार्ड मान वर करायचं. त्यांचा आवाज गोड नव्हता. तळाशी ऊब, कडेला खरखर, आणि वर चढला की जरासा फाटायचा. त्या फाटण्यातच त्याची सगळी मजा होती. तीन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाजातला जोर गेला. ऊब राहिली, खरखर राहिली, फाटणंसुद्धा राहिलं. तोंडाला कान लावला की सगळं जागच्या जागी ऐकू यायचं, पण खाटेच्या काठापलीकडे काही जायचं नाही. मग बापू बोलणं जपून वापरू लागले, आणि पुढे पुढे वापरायचेच बंद झाले.

पूर्वी चहात साखर कमी पडली की ते गॅलरीत उभे राहून सांगायचे. समोरच्या टपरीवाल्यालाही कळायचं. आता चहात रोज साखर कमी असायची आणि बापू निमूट पिऊन कप खाली ठेवायचे. एक दिवस तर साखर अजिबातच नव्हती. त्यांनी तोही कप रिकामा केला. त्या दिवशी शालनकाकू मोरीत भांडी घासता घासता रडल्या.

म्हणून एलिया जाऊन चालणार नव्हतं. आणि तो दोनवर वाजवत राहिला असता तरी काही उपयोग नव्हता, कारण दोनवर ते बापू नव्हते.

सभेच्या दुसऱ्या दिवशी काकू धुतलेल्या, उन्हात तापवलेल्या आणि कोरड्या फडक्याने पुसलेल्या बरण्या घेऊन वर गेल्या. पाठोपाठ कठड्याला धरत, एकेक पायरी करत बापू आले. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच जिना चढत होते.

"काकू, पण टोन न्हाई ना जायचा?" एलियाने विचारलं. "आवाज कमी केला की टोन जातोच. मोठमोठ्यांना जमंना झालंय हे."

"त्यांनी लोणचं घातलंय का कधी?" काकू म्हणाल्या. "हे बघ, आवाज निराळा आणि चव निराळी. तू पहिल्यापास्नं चूलच बारीक ठेवतोस, मग शिजंल कसं? शिजू दे की दहावर, रटरटू दे. वाढताना कमी वाढायचं."

एलियाने गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला. मग म्हणाला, "आणि उरलेलं?"

"उरलेलं झाकून ठेवायचं. टाकायचं कशाला?"

काकूंनी निखाऱ्यावर हिंग टाकून बरण्यांना धुरी दिली. एलियाला तीन शिंका आल्या. मग पहिली बरणी स्टुलावर, अ‍ॅम्पच्या जरा वरच्या अंगाला ठेवली आणि काकूंनी मान हलवली. एलियाने बटण दहावर नेऊन तार छेडली. खोलीत जे उरलं ते ऐकून तिघांनीही तोंडं वाकडी केली. आवाज टाळकं फोडणारा होता, पण तो कशाचाच नव्हता. काकूंनी बरणीला कान लावला. चव सगळी आत जाऊन बसली होती.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या आणि बरणी खोलीत उपडी करून चव परत दिली. "चव हलकी, ती वर तरंगणार. जड असतोय तो आवाज. तो खालनंच काढाय पायजे."

दुसरी बरणी त्यांनी फरशीवर, अ‍ॅम्पच्या तोंडाशी कलती करून ठेवली. एलियाने पुन्हा तार छेडली. बटण दहावर होतं, व्हॉल्व्ह लालबुंद झाले होते, बरणी थरथरत भरत होती आणि खोलीत गिटार गात होती, दोन माणसं चहा पिताना बोलतात एवढ्याच आवाजात. ऊब होती. खरखर होती. वरच्या सुराला जरासं फाटत होतं. एलियाने वाजवायचं थांबवलं नाही, पण बाहीने डोळे पुसले.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या बापूंकडे बघत होत्या. बापू दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी काकूंना खुणेने जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात म्हणाले, "मालात दम हाय."

थरथर थांबली की बरणी भरली, असं काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी वर दादरा बांधला, सुतळीची गाठ मारली आणि बरणी काखेत घेऊन खाली आल्या. ती रिकामीच असल्यासारखी हलकी होती, पण जिन्यात कुणाला धक्का लागू नये म्हणून त्या भिंतीच्या कडेने चालत होत्या.

सोसायटीत शांतता झाली. एलिया भरदुपारीसुद्धा दहावर वाजवायचा आणि शेजारच्या बाईंची झोप मोडायची नाही. बरण्या काकूंच्या माळ्यावर आणि बापूंच्या खाटेखाली ओळीने बसल्या. कुणी विचारलं, "काकू, फुटली-बिटली तर?" की त्या म्हणायच्या, "माझी बरणी आजवर बिघडली न्हाई." हे खरं होतं. त्यांचं कैरीचं लोणचं दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत करकरीत राहायचं, आणि हे सगळ्या सोसायटीला तोंडपाठ होतं, कारण त्या ते वरचेवर सांगायच्या.

महिनाअखेर जवळ आली तसे शिरगुप्पे अण्णा पाहणीला आले. पाहणी म्हटल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकूंनी त्यांच्यापुढे भडंग ठेवलं. अण्णांनी ते संपवलं, बेसिनवर हात धुतले आणि काकू चहा टाकायला आत गेल्यावर खाटेजवळ उकिडवे बसून एका बरणीचा दादरा सोडला. बरणी खरोखर भरली आहे की नाही, याची खात्री करणं त्यांना भाग होतं. त्यांनी ओला हात कोपरापर्यंत आत घातला.

लोणच्याला ओला हात लावू नये, हे अण्णांना कळत नव्हतं असं नाही. स्वतःच्या घरी त्यांनी यावरून सुनेला दोनदा ऐकवलं होतं. पण हे काही लोणचं नव्हे, असं त्यांना वाटलं. बापू खाटेवरून हात हलवून, ओठ हलवून त्यांना थांबवत होते. ते खाटेच्या काठापलीकडे गेलं नाही. अण्णांनी दादरा परत बांधला, चहा घेतला आणि वहीत शेरा लिहिला: आत काही लागत नाही, तरी भरलेली वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी फसफसली. तिचं पाहून शेजारची फसफसली, आणि नऊच्या सुमाराला दादऱ्यांतून आवाज उतू जाऊन सोसायटीभर पसरू लागला. त्याच्यात चव कसलीच नव्हती. तो नुसता सापडेल त्या लहान आवाजाला जाऊन चिकटायचा. दुसऱ्या मजल्यावर फोडणीत मोहरी तडतडली आणि खालच्या माणसांनी डोक्यावर हात धरले. एका नव्या नवरीने फोनवर आईला हळूच काही सांगितलं, ते अंगणात सासूने शब्दन् शब्द ऐकलं. खुद्द अण्णांनी जांभई दिली ती चौकातल्या रिक्षा स्टँडवर ऐकू गेली, आणि एक रिक्षा कुणी बोलावलं म्हणून येऊन उभीही राहिली.

अण्णा शर्टाची बटणं लावत काकूंच्या दारात आले. ते शक्य तितकं हळू बोलले, तरी खिडकीची काच हलली.

"वहिनी, संध्याकाळी तातडीची सभा लावतोय. बरण्या कृष्णेत सोडायच्या आणि पोरानं उद्या खोली रिकामी करायची. मी प्रयोगाला संधी दिली. प्रयोग फसला."

"अण्णा," काकू म्हणाल्या, "काल हात धुतलासा. पुसलासा का?"

अण्णांनी शर्टाचं शेवटचं बटण लावलं. मग म्हणाले, "पुसावा असं ठरावात कुठंय?"

"ठरावात न्हाई. रक्तात असतंय ते."

अण्णा निघून गेले. जिन्यात एलिया डोक्याला हात लावून बसला होता. काकू त्याला म्हणाल्या, "ऊठ. रडायचं ते संध्याकाळी. आधी तेल आण." बिघडू लागलेल्या लोणच्यावर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तेल कडकडीत तापवायचं, निववायचं आणि वर चार बोटं उभं राहील इतकं घालायचं. हवा तुटली की फसफस थांबते.

त्या कढई घेऊन खाटेशी आल्या. निवलेलं तेल, काठोकाठ. पहिल्या बरणीचा दादरा त्यांनी एका हाताने सोडला तेव्हा आत साचलेला आवाज भस्सकन बापूंच्या तोंडासमोर आला. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या हातातली कढई कलली, आणि बापू तीन वर्षं बोलत होते तसंच, ओठांतल्या ओठांत बोलले.

"अगं, कढई!"

खिडकीवरची कबुतरं उडाली. फळीवरचे डबे वाजले. मागे मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालला होता. तिथे एका जुन्या खरेदीदाराने जुन्या सवयीने हात वर केला आणि ढीग त्याच्या नावावर गेला.

काकूंनी कढई सांडू दिली नाही. ती त्यांनी नीट जमिनीवर ठेवली आणि त्या तिथेच बसल्या. तळाला ऊब, कडेला खरखर, आणि 'कढई'तल्या 'ढ'ला जरासा फाटलेला. त्यांच्या घरात त्यांचं माणूस बोललं होतं.

"पुन्हा बोला," त्या म्हणाल्या. "काहीबी बोला."

बापूंनी बरणीकडे बोट दाखवलं. ती रिकामी झाली होती. मग त्यांनी काकूंच्या कानाशी तोंड नेलं. "आवाज माझ्याकडं न्हवता," ते कुजबुजले, "आणि चव ह्याच्यात न्हवती. एवढंच की."

काकूंनी खाटेखालच्या बाकीच्या बरण्यांवर तेल ओतलं. दुपारपर्यंत सोसायटी निवली.

संध्याकाळी अंगणात सभा भरली. अण्णांनी ठरावाचा मसुदा वाचून दाखवला आणि विरोधात कुणाला बोलायचं आहे का, असं विचारलं. बापू उठून उभे राहिले. सगळ्यांनी सहानुभूतीने माना खाली घातल्या, कारण बापू बोलले तर ते कुणाला ऐकू येणार नाही आणि तरी ऐकल्यासारखं करावं लागेल, हे सगळ्यांना माहीत होतं. काकू माळ्यावरची एक चांगली बरणी घेऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या, स्वच्छ फडक्याने हात पुसले आणि दादरा सोडला.

"बोलाऽऽ!" बापूंनी पुकारा केला.

अंगणातल्या खुर्च्या मागे सरकल्या. लोक सावरून बसले.

"पोरगं ऱ्हाणार, बटण दहावर ऱ्हाणार, बरण्या माझ्या घरात ऱ्हाणार! बोला, बोला, कुणाकुणाचा हात वर? एकऽऽ वार! दोनऽऽ वार! अण्णा, हात कुठंय तुमचा? तीनऽऽ वार!"

सगळे हात वर गेले. अण्णांचाही गेला. तो आपल्याच खांद्याला जोडलेला आहे, याची खात्री करून घेतल्यासारखं अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी तो खाली घेतला आणि इतिवृत्तात लिहिलं की, श्री. माळवदे यांचा ठराव आवाजी मतदानाने मंजूर. खाली दोन अटी घातल्या. बरणी हाताळणाऱ्याने हात कोरडे करावेत, आणि श्री. माळवदे यांनी दिवसाला एकच बरणी वापरावी.

एका बरणीत चार-पाच वाक्यं बसायची. मग रात्रभर सोसायटीत चर्चा होती की बापू उद्याची बरणी कशावर खर्च करणार. कुणी म्हणालं, ते यार्डात जाऊन एक सौदा करणार. नव्या नवरीच्या सासूला वाटत होतं, ते अण्णांची खरडपट्टी काढणार. अण्णांनाही तेच वाटत होतं. एलियाने आपल्या आवडीची चाल वाजवून एक बरणी मुद्दाम काठोकाठ भरली आणि काकूंच्या दाराशी आणून ठेवली.

सकाळी लोक काही ना काही निमित्त काढून गॅलरीत आले. कुणी ओले कपडे परत परत झटकत होतं. वर एलिया दहावर वाजवत होता, खाली ते चहाच्या आधणाएवढंच ऐकू येत होतं.

काकूंनी बापूंच्या हातात कप दिला आणि समोर बसल्या. त्यांना वाटत होतं, एखादं जुनं नाव घेतील, निदान बरी आहेस का म्हणून विचारतील. बापूंनी एक घोट घेतला. थोडा वेळ कपात बघितलं. मग हात पुसून दादरा सोडला आणि बरणीवर तोंड नेलं.

"शालन! चहात साखर कमी हाय!"

समोरच्या टपरीवाल्याने हातातली किटली खाली ठेवली. वरची गिटार थांबली. गॅलऱ्यांतले लोक एकमेकांकडे बघू लागले. एवढी भरलेली बरणी, आणि साखरेवर घालवली.

"हाय की कमी," काकू म्हणाल्या. त्या अगदी ताठ उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पदराने डोळे कोरडे केले आणि डब्यातून चमचा भरून साखर घेतली. गेली तीन वर्षं ती त्या मुद्दामच कमी घालत होत्या.